खेळखोलीचा पुरुमेंत

मे महिना अर्ध्यावर आला की म्हापशाच्या आणि मडगावच्या बाजारात पुरुमेंताची घाई सुरू होते. सुकी मासळी, मिरच्या, सोलं, मीठ, उकडे तांदूळ, पावसाच्या चार महिन्यांसाठी जे जे घरात हवं ते सगळं. पुरुमेंत हे तजविजीच्या पोर्तुगीज शब्दाचं गोव्याच्या तोंडी बसलेलं रूप. या यादीत सगळं असतं, फक्त घरातली मुलं नसतात. आणि जूनमध्ये सुक्या बांगड्यांबरोबर तीही आत येऊन बसतात.

एरवी गोव्यात मुलांना वेगळी खेळखोली लागतेच कुठे? अंगण असतं, बाल्कांव म्हणजे दारापुढचा बसायचा ओटा असतो, पोरसात, म्हणजे परसात, आंब्याखालची सावली असते. फ्लॅटात राहणाऱ्यांना निदान खालचं पार्किंग असतं. खेळायची खोली ही इथे छत्रीसारखी पावसाळी वस्तू आहे. म्हणून ती पाऊस डोळ्यांसमोर ठेवूनच मांडावी लागते. फोटोंत दिसणारी खोली, म्हणजे भिंतभर वॉलपेपर, पायाखाली जाड गालिचा आणि कोपऱ्यात टेडी अस्वलांचा ढीग, इकडे फार तर जुलैच्या मध्यापर्यंत टिकते. मग वॉलपेपरचे कोपरे सुटतात, गालिच्याला ओल्या कुत्र्याचा वास येतो आणि अस्वलं हिरवी पडतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या मुलखात सजावटीचा पहिला रुपया शोभेवर नव्हे, कोरडेपणावर खर्च करायचा. पाच हजारांत खोली उभी करायची असेल, तर निम्मे पैसे भिंतीला आणि लाकडाला द्यावेत. खेळण्यांना फारसे उरत नाहीत, आणि त्याने काही बिघडतही नाही.

भिंतीची चौकशी एप्रिलमध्ये करून उपयोग नाही, तेव्हा सगळ्याच भिंती सज्जन दिसतात. मागच्या पावसाळ्याचे डाग आठवा, किंवा पहिल्या दोन-तीन सरींनंतर एक साधी परीक्षा घ्या. फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावायचा आणि एक दिवस तसाच ठेवायचा. थेंब प्लास्टिकच्या मागे, भिंतीकडच्या बाजूला आले, तर ओल भिंतीच्या पोटातून येते आहे. खोलीकडच्या बाजूला आले, तर हवेतला दमटपणा गार पृष्ठभागावर निथळतो आहे. दुसऱ्या प्रकाराला उतारा सोपा: समोरासमोरच्या दोन खिडक्या दिवसातून थोडा वेळ उघडायच्या, पंखा चालू ठेवायचा आणि कपडे त्या खोलीत वाळत घालायचे नाहीत. पावसात दोरी बांधायला तीच खोली मोकळी दिसते, ही अर्ध्या घरांची गोष्ट आहे. पहिल्या प्रकारात मात्र छपराची, पन्हळीची, बाहेरच्या गिलाव्याची दुरुस्ती आधी, रंग नंतर. चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत पाणी पिते आणि सावकाश सोडते. तिच्यावर आतून ऑइल पेंट चढवला की बाहेर पडू पाहणारी ओल रंगाच्या मागे अडकते. मग फोड येतात आणि पापुद्रे सुटतात. ते पापुद्रे सोलणं हा मुलांचा आवडता खेळ होतो. जुन्या घरात त्यापेक्षा चुना बरा. तो ओलीला श्वास घेऊ देतो, आणि क्षारीय असल्यामुळे बुरशीला चटकन थारा देत नाही. हाताला लागतो ही त्याची एकच खोड.

जुनी दारं-खिडक्या खरवडण्याआधी एक सूचना. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, जास्त नसावं, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा रंग किती शिसं बाळगून आहे, हे नुसतं पाहून कळत नाही. म्हणून असा रंग कोरडा घासून धूळ उडवायची नाही. पाणी मारून ओल्या पॉलिश पेपरने घासायचा, चिखल फडक्याने टिपून फेकून द्यायचा, आणि तोवर मुलं शेजाऱ्यांकडे पाठवायची.

आता रंगाचा आनंद. गोव्यातल्या जुन्या देवळांच्या आणि काही घरांच्या भिंतींवर कावी काम दिसतं. पांढऱ्या चुन्यावर तांबड्या मातीचा थर, आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून आतला पांढरा उघडा करायचा. नक्षी रंगवायची नाही, कोरायची. खेळखोलीसाठी या कलेतली रंगसंगती तेवढी उचलावी: वर पांढरं, खाली जमिनीपासून तीन फुटांपर्यंत काव. यात सौंदर्यापेक्षा व्यवहार जास्त आहे. गोव्याच्या मुलाचे तळहात जांभ्या मातीच्याच रंगाचे असतात. भिंतही त्याच रंगाची असली की कुणाचं काही दिसत नाही. दहा बाय दहाच्या खोलीला हा पट्टा साधारण १२० चौरस फूट होतो. आतल्या भिंतीचं धुण्याजोगं इमल्शन, दोन हात, दोन लिटरांत भागतं. खाली प्रायमरचा एक हात हवाच, नाहीतर भिंत रंग पिते आणि तिसरा लिटर आणायला दुकान गाठावं लागतं. वरच्या कडेला आधी चिकटपट्टी लावून मग रंगवावं. पट्टी रंग थोडा ओला असतानाच काढायची. पूर्ण वाळू दिली तर कड दातेरी निघते.

कोरायची हौस मुलांनी पुठ्ठ्यावर भागवावी. जाड पुठ्ठ्यावर पांढरा तेलखडू दाबून घासायचा, त्यावर लाल पोस्टर कलरचा थर. नुसता पोस्टर कलर खडूवरून ओघळतो. त्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकले की चिकटतो. वाळला की बोथट काडीने खरवडायचं. असे पंधरा-वीस चौकोन नायलॉनच्या दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी टांगले, की एक भिंत सजली. चिकटपट्टीने चित्रं लावायच्या भानगडीत पडू नये. दमट भिंतीवर ती रात्रीतून सुटतात, किंवा सुटताना रंग घेऊन येतात.

फळ्याचा एक चौकोनही याच भिंतीत बसतो, पण नैऋत्येकडून झोडपणाऱ्या पावसाची भिंत सोडून. चार बाय तीन फूट पुरे. फळ्याचा तयार रंग मिळतो. नाहीतर एका कपभर इमल्शनमध्ये दोन मोठे चमचे फरशीच्या सांध्यांत भरायचं बारीक ग्राउट कालवून दोन हात द्यावेत. मिश्रण लवकर घट्ट होतं, तेव्हा लागेल तेवढंच करावं. रंग तीन दिवस वाळू द्यायचा, मग आडवा खडू घासून सगळा फळा पांढरा करायचा आणि कोरड्या फडक्याने पुसायचा. ही पायरी गाळली की फळ्यावर काढलेलं पहिलं चित्र कायमचं पुसट राहतं, आणि ते नेहमी काढू नये तेच चित्र असतं.

लाकडासाठी आंब्याच्या मोसमाचा शेवट गाठावा. फळवाल्यांकडे रिकाम्या पेट्या पडलेल्या असतात. बारीक फळ्या आणि तारेच्या पिना. पिना पकडीने एकेक उपसायच्या. पिना काढल्या की सांधे सैल होतात, म्हणून आतून कोपऱ्यांना लाकडी चिपा लावून पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू मारायचे. लोखंडी स्क्रू एका पावसात गंजतो आणि लाकडावर काळा ओघळ सोडतो. आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०. विशेषतः आतल्या कडा, कारण खेळणं काढताना कुसळ तिथेच लागतं. चार पेट्या, दोनावर दोन, बोल्टने जोडल्या की मुलाच्या छातीइतकं कपाट होतं. याहून उंच करूच नये. आणि एवढ्यालाही भिंतीला एल-अँगल हवा, कारण कपाट दिसलं की चढायचं, हा सर्व मुलांचा एकमताने ठरलेला कायदा आहे. चिऱ्याच्या भिंतीत भोक पाडताना चिरा भुसभुशीत सुटतो. दीड इंची स्क्रू गिलाव्यातच लोंबकळतो. दोन-अडीच इंच आत जाणारी गट्टी लागते.

पेट्या जमिनीला टेकवायच्या नाहीत, भिंतीलाही नाहीत. खाली तीन-चार इंच, मागे दोन इंच हवा. वाळवीची लाईन दिसायलाही ही फट कामाला येते. पायांना चिऱ्याचे तुकडे लावायचा मोह होतो, फुकट मिळतात आणि दिसतातही छान. पण चिरा जमिनीची ओल वर चढवतो. त्याच्या डोक्यावर फरशीचा एक तुकडा ठेवला की ओलीची वाट अडते.

जमिनीवर फोमच्या एकमेकांत अडकणाऱ्या चौकटी सोयीच्या. दोन फुटी चौकट, बारा मिलिमीटर जाडीची. सहा बाय सहाला नऊ लागतात. सगळी खोली झाकू नये. पावसात टाईलला घाम फुटतो, तो फोमखाली साचतो आणि तिथे काळे ठिपके धरतात. आठवड्यातून एकदा सगळ्या उचलून उभ्या करायच्या, फरशी पुसायची, तासभर पंखा. ज्यांना हे होणार नाही त्यांनी सरळ जुन्या लुगड्याची गोधडी घालावी. ती निदान धुता येते आणि चुलीच्या वर वाळते.

शिंपल्यांच्या खिडक्या असलेल्या घराला एक देणगी मिळालेली असते. दुधाळ, न टोचणारा उजेड. पण त्या पारदर्शक शिंपल्या लाकडी पट्ट्यांच्या खाचांत नुसत्या सरकवलेल्या असतात. तिथे चेंडू नको.

आता खेळणी. २०१८ साली अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या अभ्यासकांनी छत्तीस लहान मुलांना एकदा चार खेळणी दिली, एकदा सोळा. चार असताना मुलं एकेका खेळण्यापाशी जास्त वेळ रमली आणि त्याचे जास्त प्रकार करून पाहत राहिली. दहा मुलांच्या एकत्र कुटुंबात वाढलेल्या आजीला हे विद्यापीठाने सांगायची गरज नव्हती. तर सगळ्या खेळण्यांचे तीन वाटे करायचे. एक बाहेर, दोन झाकणाच्या डब्यांत. बांधणी, सोंग, कोडं आणि आवाज, प्रत्येक वाट्यात चारही जातींचं काहीतरी पडेल असं पाहायचं. नाहीतर एका डब्यात नुसत्या गाड्या निघतात.

डबे भरण्याचा मुहूर्त मेमधली भर दुपार. कापडी खेळणी धुऊन दोन दिवस कडक उन्हात, पालटून पालटून, आणि ऊन असतानाच डबा बंद. जूनमध्ये भरलेला हवाबंद डबा बाहेरची ओल आत येऊ देत नाही हे खरं, पण आतलीही बाहेर जाऊ देत नाही. बॅटऱ्या काढून ठेवायच्या; त्या फुटून पाझरल्या की खेळणं गेलं. बटणासारख्या चपट्या बॅटऱ्यांची खेळणी शक्यतो नकोतच, कारण गिळलेली बॅटरी काही तासांत अन्ननलिका जाळते. पुठ्ठ्याची कोडी पावसात वाकतात आणि लाकडी फुगतात. जुलैत एक तुकडा बसेना, तर मुलाला दोष देऊ नये. डांबरगोळ्या या डब्यांत कधीच नाहीत. त्या पेपरमिंटसारख्या दिसतात, आणि काही मुलांच्या रक्तात जन्मजात जी-सिक्स-पीडी नावाचं विकर कमी असतं, त्यांना त्यांचा वासही बाधू शकतो. कोळशाचे चार तुकडे सुती पुरचुंडीत बांधून टाकावेत, महिन्याने उन्हात किंवा तव्यावर तापवून पुन्हा.

विकतच्या खेळण्यांवर आयएसआय खूण पाहावी. २०२१ पासून ती सक्तीची आहे. लाखेच्या रंगाची लाकडी कामं कुंकळ्ळीचे चितारी पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत, आणि सीमेपलीकडे सावंतवाडीची लाकडी फळं आहेतच. पण गोव्यातल्या स्वयंपाकघराइतका स्वस्त खेळण्यांचा कारखाना दुसरा नाही. तिसऱ्यांच्या, म्हणजे खायच्या शिंपल्यांच्या, रिकाम्या शिंपल्या कालवण संपलं की पुन्हा धुण्याच्या सोड्यात उकळायच्या, चाकूने आतला चिकटलेला धागा काढायचा, तीन दिवस ऊन दाखवायचं. हा धागा राहिला की चौथ्या दिवशी मांजर खेळखोलीत येऊन बसतं. धारदार कड पॉलिश पेपरवर दोनदा फिरवायची. मोजायला, रांगा लावायला, दुकान मांडायला दीडशे-दोनशे पुरतात. तीन वर्षांखालच्या मुलाला मात्र नाही. त्या वयात सव्वा इंची नळीतून आरपार जाणारी प्रत्येक वस्तू घशात अडकणारी समजावी.

करवंट्यांच्या खडावा पाच वर्षांपुढच्यांना. जून, जाड नारळाच्या सारख्या आकाराच्या दोन वाट्या, डोळ्याच्या बाजूने, म्हणजे तिथे भोक आयतंच असतं. दोरी आतून गाठ मारून वर काढायची, टोकं मुलाच्या कमरेपर्यंत. करवंट्या पालथ्या घालून वर उभं राहायचं आणि दोऱ्या ओढून धरत चालायचं. टाईलवर त्या सटकतात. सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून कडेला चिकटवली की सटकणं थांबतं, टपटप आवाजही कमी होतो, आणि खालच्या मजल्यावरचे लोक पुन्हा आपल्याशी बोलायला लागतात.

एवढी मांडलेली खोली चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, रिकामी करावी लागते, हे आधीच धरून चालावं. पाहुणे झोपणार तिथेच. म्हणून काहीही खिळ्यांनी कायमचं ठोकू नये. एल-अँगलचे दोन स्क्रू सोडले की कपाट बाल्कांवात जावं, फोमची चळत पलंगाखाली. छताला माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगायच्या चौकटीच्या, कड्या असतील तर त्या पाहुणे यायच्या आधी मोकळ्या करून द्यायच्या, एरवी त्याच कड्यांना पोफळीच्या चिपांची तीन फुटी चौकट टांगून तिला कागदी पक्षी बांधलेले असतात. दीड दिवसाचा गणपती असो की पाच दिवसांचा, विसर्जन झालं, माटोळीतली फळं वाटली गेली, पाहुणे आपापल्या बसला लागले, की घर एकदम मोठं आणि मुलं एकदम चिडकी होतात. बाहेर पाऊस अजून तीन-चार आठवडे आहे. मेमध्ये भरलेला दुसरा डबा तोवर उघडायचा नाही. तो या दुपारसाठी.