मुख्य विषय : पेटी

संगीताच्या दुसऱ्या वर्षाच्या फॉर्मवर 'मुख्य विषय' या रकान्यात मी 'हार्मोनियम' लिहिलं आणि घरात वाद पेटला. आईला गायनच हवं होतं. काकांचं म्हणणं सरळ : "पेटीवाल्याचं नाव कार्यक्रमाच्या पत्रिकेत सगळ्यात खाली, तेही बारीक टायपात." खोटं नाही ते.

पण पहिल्या वर्षी झालं असं, की आमच्या तुकडीत धड पेटी वाजवणारी मी एकटीच. तबल्याच्या मुलांना लेहरा हवा, बोलवा हिला. कथकच्या मुलींचा सराव, बोलवा हिला. लेहरा म्हणजे काय, तीनतालाच्या सोळा मात्रांत तीच ती ओळ फिरवायची, असं ऐकणाऱ्याला वाटतं. पाऊण तास फिरवून बघा! समोरचा आडलयीत, म्हणजे दीडपटीत शिरतो, तीनदा वाजवायची तिहाई आता संपली म्हणता म्हणता पुढे निघून जाते, आणि आपला हात नकळत त्याच्यामागे धावायला बघतो. धावला की खेळ खलास; तो समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर येणार आणि सम जागेवर नसणार. या लेहऱ्यापायी मला तबल्याचे कितीतरी कायदे, म्हणजे बोलांच्या ठरीव रचना, तोंडपाठ झाले. गायनाच्या वर्गात बसून ते कधी झालं नसतं.

गायकांची तऱ्हा वेगळी. कुणाचा 'सा' काळी एकवर, कुणाचा पांढरी पाचवर, सर्दी झाली की अर्धा सूर खाली. स्केल चेंजर असती तर पट्ट्या सरकवून सुटका झाली असती, पण वर्गातली पेटी साधी. म्हणजे राग तोच, पट्टी बदलली की बोटं नव्याने बसवा.

"पेटीत मींड नाही, श्रुती नाहीत," म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाता येत नाही आणि सुरांमधले बारीक सूर निघत नाहीत, हे तर प्रत्येक जण ऐकवतो. रेडिओने याच कारणांवरून १९४० साली पेटीवर बंदी घातली होती आणि ती १९७१ पर्यंत टिकली. आक्षेपात तथ्य आहे. दरबारी रागाचा झुलता गंधार पेटीवर निघत नाही म्हणजे नाहीच. तिथे शहाणा साथीदार गायकाला गंधारावर एकटा सोडतो आणि तो खाली उतरला की रिषभावर भेटतो. कुठे वाजवायचं नाही हे कळणं मला तानांपेक्षा अवघड वाटतं. आणि ज्या मुलखाने गोविंदराव टेंब्यांची पेटी ऐकली, गोव्याच्या तुळशीदास बोरकरांची पेटी ऐकली, त्या आपल्या मराठी मुलखात तरी 'नुसती साथ' असं कुणी नाक मुरडून म्हणू नये.

बाईंनी फॉर्मवर सही केली, पण अट घातली : दुय्यम विषय गायनच घ्यायचा, बंदिशी गळ्यातून म्हणून दाखवायच्या, शब्दांसकट. शब्द माहीत नसलेला पेटीवाला गायकाचा श्वास तोडतो, हे त्यांचं मत. त्यामुळे आई निम्मी खूश आहे. काकांचं अजून चालूच आहे.