उसाच्या हप्त्यानंतरचा शनिवार

फिजीतल्या लंबासात शाळेचा वार्षिक बाजार कधी भरणार, हे उसाच्या हप्त्यावर ठरायचं. जूनच्या सुमारास मिलचा भोंगा वाजला, गाळप सुरू झालं, की काही आठवड्यांनी शेतकऱ्यांच्या हातात पहिले पैसे यायचे. त्यानंतरचा एखादा शनिवार शाळेची समिती धरून ठेवायची. मी कोल्हापूरकडची. कारखान्याचं बिल निघाल्याशिवाय घरात लग्नाची बोलणीसुद्धा पुढे सरकत नाहीत, हे लहानपणापासून पाहिलेलं. त्यामुळे फिजीच्या वानुआ लेवू बेटावर, घरापासून इतक्या दूर, हाच हिशेब ऐकला तेव्हा मला तिथं परकं वाटेनासं झालं.

ह्यांचं काम साखरेच्या यंत्रांचं. तिथल्या मिलमध्ये नोकरी मिळाली आणि 2000 नंतरच्या दशकात आमचं बिऱ्हाड लंबासात गेलं. वानुआ लेवू हे फिजीतलं आकारानं दुसऱ्या क्रमांकाचं बेट आणि लंबासा हे त्यावरचं मोठं गाव. एक लांब मुख्य रस्ता, त्यावर गुजराती व्यापाऱ्यांची कापडाची आणि भांड्यांची दुकानं, बस स्टँड, मंडई आणि गावाबाहेर मिल. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआर कंपनीनं ती 1894 मध्ये सुरू केली. हंगामात ऊस दोन वाटांनी यायचा. अरुंद रुळांवरून छोटं इंजिन डब्यांची माळ ओढत आणायचं, आणि रस्त्याकडेला लॉऱ्यांची रांग लागायची. मळीचा वास तर आमच्या स्वयंपाकघरापर्यंत. ह्यांना तो वास आला की भूक लागायची.

त्या उसामागची माणसं म्हणजे गिरमिटियांची, करारावर नेलेल्या भारतीय मजुरांची, नातवंडं-पतवंडं. 1879 ते 1916 या काळात साठ हजारांवर माणसं करारावर फिजीला नेली गेली. आधी बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडची, पुढे 1903 पासून मद्रासकडचीही. करार संपल्यावर बरेच जण परतलेच नाहीत. कंपनीनं 1920 च्या दशकात आपल्या मोठ्या मळ्यांचे दहा-दहा एकरांचे तुकडे पाडून त्यांना कसायला दिले, आणि लंबासाच्या आसपासची वस्ती अजून त्याच मापानं मांडलेली दिसते: दहा एकर ऊस, मधोमध पत्र्याचं घर, दारात आंबा, तुळस आणि लाल झेंडा लावलेला बांबू.

शाळाही याच लोकांनी उभ्या केल्या. मुलांना कुणी शिकवत नाही म्हणून गावोगावच्या शेतकऱ्यांनी समित्या केल्या, आधी गवती छपराखाली वर्ग भरवले, मग लाकडी, मग सिमेंटच्या खोल्या बांधल्या. मास्तरांचा पगार सरकार देतं, पण इमारत, बाकं, पाण्याची टाकी हे सगळं समितीचं. म्हणून तो बाजार. आमच्या लेकीच्या शाळेच्या भिंतीवर छातीइतक्या उंचीवर एक तपकिरी रेघ होती. 2003 च्या जानेवारीत आलेल्या अॅमी वादळात नदीचं पाणी तिथवर चढलं होतं. वरून दोनदा रंग दिला तरी ती रेघ पुन्हा उमटायची. त्या पुरात गेलेलं वाचनालय आम्ही असेपर्यंतच्या बाजारांतून थोडं थोडं भरत आलं.

बाजाराची कामं वाटली जायची ती ऊसतोडीच्या टोळीसारखी. तिथं शेजारपाजारचे शेतकरी मिळून गँग करतात, आपल्यातलाच एक सरदार निवडतात आणि आळीपाळीनं एकमेकांचा ऊस तोडतात. शाळेच्या समितीतही हेच सरदार. त्यामुळे कुणाकडे लाकूड, कुणाकडे मांडव, कुणाची लॉरी, हे एका बैठकीत मिटायचं. मला पहिल्याच वर्षी तळणीवर बसवलं. आमच्या गल्लीतली एक काकी त्या स्टॉलची मुख्य होती. सत्तरीची, उंच, नाकात सोन्याची फुली. ‘बेटी, तुम इधर बैठो’ म्हणून तिनं मला पाट सरकवला आणि समोर दालोच्या पानांचा ढीग ओतला. दालो म्हणजे तिथला अळूकंद, आणि त्याच्या पानांची ती करत होती सैना, म्हणजे आपली अळुवडीच. फक्त चिंच-गुळाला हात आखडता आणि लसूण-मिरचीला मोकळा. पानाची शीर लाटण्यानं दाबून कशी मोडायची हे मी तिला दाखवलं. तिनं एकदा करून पाहिलं, मान हलवली आणि त्यानंतर दर वर्षी शिरांचं काम माझ्याकडे आलं.

सकाळी आठपासून लॉऱ्या भरून माणसं यायची. एका बाजूला बकऱ्याचं कालवण आणि रोटी, पलीकडे मुस्लिम कुटुंबांचा पुलाव, बारा म्हणजे उडदाचे वडे, गुलगुले, लकडी मिठाई. आयतौकेई म्हणजे मूळच्या फिजीयन पालकांनी आदल्या रात्रीच जमिनीत खड्डा करून दगड तापवलेले असायचे. त्या लोवोतून मासे, कोंबडी आणि दालो पानात गुंडाळलेले निघायचे, आणि नारळाच्या दुधात शिजवलेली पालेभाजी. भाजीच्या स्टॉलवर बांधाबांधावरून आलेलं सगळं: भेंडी, वांगी, चवळीच्या शेंगा, कसावा, पपया. वर्गावर्गांत पैसे जमवायची चुरस असायची. ज्या वर्गाची मुलगी जास्त जमवेल ती त्या वर्षीची राणी. राणी झालेली एक मुलगी ऊस तोडणाऱ्या मजुराची होती. तिचा बाप महिनाभर कामावरून सुटल्यावर घरोघर फिरला होता. पुठ्ठ्याचा मुकुट घालून ती मंचावर उभी राहिली, तेव्हा खाली हा माणूस कामाच्या कपड्यांतच, हाताला जळक्या उसाची काजळी तशीच, टाळ्या वाजवत होता. तिथं बराच ऊस आधी पेटवून मग तोडतात. ती काजळी साबणानं लवकर जात नाही.

पुरुषमंडळींचा कोपरा यांगोनाचा, म्हणजे कावा या पेयाचा. त्या झुडपाच्या मुळांची पूड पाण्यात कालवून लाकडी तानोआत, म्हणजे मोठ्या कटोऱ्यात ठेवायची, नारळाच्या करवंटीतून एकेकाला द्यायची. घेणारा एकदा टाळी वाजवतो, ‘बुला’ म्हणतो, एका दमात पितो, मग बाकीचे तीन टाळ्या देतात. पाटबंधारा, खताचा भाव, लॉरीचं भाडं, सगळं त्या गोल बैठकीत निघायचं. 1970 च्या डेनिंग निवाड्याची गोष्टही मी तिथंच ऐकली. लॉर्ड डेनिंग नावाचे इंग्रज न्यायाधीश लवादासाठी आले, त्यांनी साखरेच्या उत्पन्नातला 65 टक्के वाटा शेतकऱ्याला दिला, आणि कंपनीनं ‘हे परवडत नाही’ म्हणून फिजीच सोडली. 1973 पासून मिल सरकारी महामंडळाकडे. तीन-तीन टाळ्यांच्या मधे म्हातारे ही गोष्ट अशी सांगायचे, जणू काल दुपारी झाली.

रामनवमीचे नऊ दिवस वेगळे. गावात रामायण वाचणाऱ्या मंडळ्या पुष्कळ, आणि आमची मंडळी एरवी दर मंगळवारी कुणा ना कुणाच्या घरी बसायची. ढोलक, हार्मोनियम आणि दंडताल, म्हणजे लोखंडी सळई नि तिच्यावर आपटायचा घोड्याच्या नालासारखा तुकडा. त्याचा नाद मला आजही कानात हवासा वाटतो.

नोव्हेंबरच्या अखेरीला बक्षीस समारंभ. पाहुण्याच्या गळ्यात सालूसालू म्हणजे तिथली माळ, आधी फिजीयन रीतीनं यांगोनाचा मान, मग दिवा लावणं. फिजीयन मुली हिंदी गाण्यावर नाचायच्या आणि आमच्या मुली मेके या फिजीयन नाचाच्या रांगेत बसून हात हलवायच्या. पालक तोडीच्या शेवटच्या घाईतून उठून आलेले असायचे.

पण मला तिथली एक गोष्ट सतत जाणवायची: वर्गातली बाकं रिकामी होत होती. फिजीतली चार-पंचमांशाहून जास्त जमीन आयतौकेई कुळांच्या, म्हणजे मतंगालींच्या मालकीची, आणि ऊसवाल्यांकडे ती भाड्यानं. कायद्यानं पट्टे तीस वर्षांचे, आणि 1997 पासून ते एकामागून एक संपू लागले. काही मालकांनी वाढवून दिले, काहींना जमीन स्वतःच्या मुलांसाठी हवी होती. त्यांचंही चूक म्हणता येत नाही. जमीन त्यांची, आणि बाजारात लोवो लावणारे तेच तर होते. तरी ज्याच्या आजोबांनी शाळेचा पाया खणला त्यानं घराचे पत्रे उतरवून लॉरीत भरावेत, हे बघवायचं नाही. भर म्हणून 2006 पासून, फिजीची साखर जिथं जायची त्या युरोपनं साखरेचा हमीभाव चार वर्षांत 36 टक्क्यांनी उतरवत आणला. तरुण पोरं राजधानी सुवाला गेली, ऑकलंडला गेली, ब्रिस्बेनला गेली. मला वाटतं, उसाच्या पैशावर शिकलेली ही मुलं बाहेर पडणारच होती. त्यासाठीच तर त्यांच्या आज्यांनी सैना तळून पैसे जमवले होते. पण गाव आणि मुलं, दोघांनाही थोडं हळूहळू सुटायला मिळालं असतं तर बरं झालं असतं.

बाजार बंद पडला नाही, ही मला मोठी गोष्ट वाटते. बाहेर गेलेले जुने विद्यार्थी त्या शनिवारसाठी पैसे पाठवतात, काही जण रजा काढून येतात. स्टॉल कमी झाले, पण समिती आहे, लोवो आहे, राणीही निवडली जाते. काकी आता नव्वदीच्या घरात आहे आणि खुर्चीवर बसून हुकूम सोडते, असं तिची सून फोनवर सांगते. लेकीचं आणि माझं येत्या हंगामात जायचं ठरतंय. तारीख अजून लागलेली नाही, मिल सुरू झाली की कळेल. शिरा मोडायचं लाटणं मात्र इथूनच घेऊन ये, असा काकीचा निरोप आला आहे, तिकडचं तिला पसंत नाही.