अकरावं ताट

पोलंडमध्ये 24 डिसेंबरला उपास असतो, असं ऑफिसातल्या पोलिश मित्राने सांगितलं, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर साबुदाण्याची खिचडीच आली. "संध्याकाळी पहिली चांदणी दिसली की सोडायचा," तो म्हणाला. म्हणजे संकष्टीच की! मग पुढचं वाक्य आलं : "बारा पदार्थ असतात, त्यात मासे दोन-तीन तऱ्हांचे." उपासाला मासे म्हटल्यावर मी लगेच हो म्हणालो.

मित्राचं घर क्राकूफच्या नोव्हा हुता भागात. 1949 पासून पोलादाच्या कारखान्यासाठी हे उपनगर वसवलं. रुंद रस्ते, एकसारख्या करड्या इमारती. ट्राममध्ये मी आणि केकचे खोके मांडीवर घेतलेल्या दोन बायका, बस्स. 2025 पासून या दिवशी सरकारी सुट्टी असते, त्यामुळे दुकानांचे दरवाजेही बंद. भेट म्हणून चितळ्यांची बाकरवडी नेली होती.

जिना चढताना मित्राने खरं कारण सांगितलं. या जेवणाला, विगिल्याला, टेबलाभोवती माणसं सम संख्येत हवीत; विषम झाली तर त्यातलं एक जण पुढची विगिल्या पाहत नाही, अशी समजूत आहे. घरचे नऊ जण होते. मला बोलावण्यात माणुसकी होतीच, पण थोडं गणितही होतं.

क्राकूफला त्या दिवसांत पावणेचारच्या आत सूर्य मावळतो. आकाश मात्र गच्च ढगाळ. मित्राची सहा वर्षांची भाची खिडकीच्या काचेला नाक लावून बसली होती, आणि मोठी माणसं तिच्याकडे आशेने बघत होती. सकाळपासून सगळ्यांनी दिवस दोन घास पाव नि चहावर काढलेला. आमच्याकडे चंद्रोदयाची वेळ निदान कालनिर्णयमध्ये छापलेली असते. शेवटी तिने एका विमानाचा दिवा बघून "चांदणी!" म्हणून किंचाळी फोडली, आणि कुणीही तिची चूक काढली नाही.

टेबलावर पांढरं कापड, त्याखाली वाळलेल्या गवताचा पातळ थर. येशूचा जन्म गोठ्यातला, त्याची ती आठवण. बशी ठेवली की खालून किंचित कुरकुर ऐकू यायची. बसण्याआधी ओप्वातेक. कागदाहून थोडी जाड, बिनखमिराची पांढरी चकती, तिच्यावर बाळ येशूचं चित्र उठवलेलं. प्रत्येकाच्या हातात एक. समोरच्याच्या चकतीचा तुकडा मोडायचा, त्याने आपला मोडायचा, खायचा आणि शुभेच्छा द्यायच्या. मला वाटलं, दसऱ्याचं सोनं दिल्यासारखं असेल. पान हातात ठेवलं, पाया पडलं, पुढचं घर. पण नाही. इथे प्रत्येक जण समोरच्याचं वर्ष आठवून बोलतो : गुडघ्याचं ऑपरेशन नीट होऊ दे, त्या परीक्षेत या खेपेला पास हो, आईशी जरा कमी भांड. दहा माणसं, म्हणजे पंचेचाळीस जोड्या. शेवटाला दोघी रडत होत्या आणि मला भयंकर भूक लागली होती.

पहिला पदार्थ बार्श्च. बिटाचं आंबूस, आरपार दिसणारं लालभडक सूप. कोल्हापूरच्या माणसाने ते बघून काय समजायचं? मी तांबड्या रश्श्याच्या हिशेबाने पहिला चमचा घेतला आणि जीभ वाट बघत राहिली. तिखट आलंच नाही. त्यात तरंगत होते उश्का, म्हणजे 'छोटे कान'. रानातल्या वाळवलेल्या अळंब्यांचं सारण भरलेले बोराएवढे उकडलेले गोळे. आदल्या दिवशी मित्राच्या आजीने ते वळताना मी पाहिलं होतं. पारीचा छोटा चौकोन, मधोमध चिमूटभर सारण, त्रिकोणी घडी, मग दोन टोकं करंगळीभोवती आणून चिमटायची. मला जमेल असं वाटलं, कारण दिवाळीत आईच्या हाताखाली करंज्यांना मुरड घातलेली आहे. माझे चारही पाण्यात सुटले. आजीने ते न बोलता गाळून बाजूला ठेवले.

मग हेरिंग मासा, कोबी-अळंब्यांचे पिएरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्याच, आणि मग कार्प. कार्प हा तळ्यातला मासा. दुसऱ्या महायुद्धानंतर पोलंडचा मच्छीमार ताफा मोडकळीला आलेला. तळ्यात कार्प वाढवणं स्वस्त, म्हणून तेव्हाचे मंत्री हिलरी मिंत्स यांनी 'विगिल्याच्या प्रत्येक टेबलावर कार्प' अशी घोषणा दिली असं सांगतात. तळ्यांत कार्प पाळणं तिथे कितीतरी जुनं, पण तो घरोघरी पोचला तो तेव्हा. लोक जिवंत मासा घ्यायचे आणि चिखलाचा वास जावा म्हणून दोन-तीन दिवस बाथटबमध्ये सोडायचे. मित्राचे मामा सांगत होते, "आमच्यात तेवढे दिवस अंघोळीला सुट्टी. आम्ही पोरं त्याला नाव ठेवायचो, पाव घालायचो. मग एका सकाळी टब रिकामा, आणि आई स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची." त्या वर्षी ते फक्त बटाटे खाऊन उठले होते. आता बरेच जण कापलेले तुकडेच आणतात. आमच्या ताटातलेही तसेच होते.

चवीचं खरं सांगू? पंचगंगेतला मासा खाल्लेल्याला फार नवल नाही. पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेला, वरून खमंग. पण काटे बेचकीसारखे दुभंगलेले, एकेक बोटाने शोधून काढावे लागतात. त्यामुळे मासा खाताना टेबलावर एकदम शांतता पसरली. त्याचा एक खवला वर्षभर पाकिटात ठेवला की पैसा टिकतो म्हणतात. मलाही एक मिळाला, धुऊन पुसून.

बारा पदार्थ बारा प्रेषितांचे, आणि प्रत्येकातलं निदान घासभर खायलाच हवं. मोजताना भांडण लागलं. सुक्या फळांचं कोम्पोत पदार्थ की पेय? त्यातल्या धुरावलेल्या आलुबुखारांना चुलीचा वास होता, मी 'पदार्थ' या बाजूने मत दिलं. बारावी आली कुत्या. नाव आपल्या कानाला जरा जपून घ्यावं लागतं, पण वाटीत होती गव्हाची खीरच! अख्खे शिजवलेले गहू, वाटलेली खसखस, मध, अक्रोड. दुधाऐवजी खसखशीचा कडवट-गोड ओलावा, आणि दाताखाली तोच गहू. ही रीत पूर्वेकडची; आजीचं घराणं युद्धानंतर ल्वूफहून, म्हणजे आताच्या युक्रेनमधून, इकडे आलेलं.

माझ्या शेजारी एक ताट कोरं होतं. काटा, चमचा, पेला, सगळं मांडलेलं, खुर्चीही. अचानक येणाऱ्या पाहुण्यासाठी. मी मित्राला विचारलं, "मला तिथेच का नाही बसवलं?" त्याने आजीला विचारलं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तू तर सांगून आलायस."

मग मला राहवेना. मी म्हणालो, मी कोल्हापूरचा. आता सगळे उडी मारतील अशी माझी खात्री होती. वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक आहे ना! कुणी हललं नाही. मामांनी विचारलं, "दिल्लीजवळ का?" मग मीच सांगितलं : आम्ही कपडे घ्यायला गांधीनगरला जातो, तिथे, वळिवड्याला, 1943 ते 1948 पाचेक हजार पोलिश माणसं राहिली, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंडमधून उचलून सायबेरिया, कझाकस्तानात नेलेली, तिथून इराणमार्गे आलेली. मित्र भाषांतर करत होता. 'सायबेरिया' हा शब्द त्याची वाट न बघताच आजीला कळला. तिने विचारलं, "तिथे विगिल्या करायचे का?"

"करतच असणार," मी म्हणालो.

"कुत्याला खसखस मिळायची?"

खसखस आमच्याकडे मिळते, महाग असते, गहू तर हवा तेवढा, असं मी सांगितलं. तिने मान हलवली आणि न विचारता माझ्या वाटीत आणखी एक डाव घातला.

रात्री सगळे मध्यरात्रीच्या मिस्सेला निघाले, 'आर्का पाना' चर्चमध्ये. कम्युनिस्ट राजवटीने चर्च नसलेलं शहर म्हणून वसवलेल्या या उपनगराने बरीच वर्षं भांडून ते बांधलं. 1977 साली त्याचं अभिषेकपूजन केलं कारोल वॉयतिवा यांनी. ते पुढल्याच वर्षी पोप झाले. आजी थंडीमुळे घरी राहिली. मी बूट घालत होतो तेव्हा ती टेबल आवरत होती. दहा खरकटी ताटं सिंकमध्ये गेली, त्यांच्यावर तिने ते कोरं ताटही ठेवलं आणि नळ सोडला.