कुळागरं खुली ठेवायच्या दिवसाची तयारी

गोव्यात फोंड्याकडच्या गावात कुळागरं, म्हणजे माड, पोफळी (सुपारी) नि मिरीच्या मिश्र बागा, एक दिवस लोकांना दाखवायची, तर डिसेंबर-जानेवारी बरा. पावसात पायवाटा निसरड्या, वर कोळेरोगावरची, म्हणजे सुपारी कुजवणाऱ्या रोगावरची फवारणी.

खरा धोका डोक्यावर असतो. आदल्या दिवशी पाडेल्याला (माडावर चढून नारळ उतरवणाऱ्याला) बोलावून वाटेवरच्या माडांचे सुके नारळ नि लोंबत्या झावळ्या उतरवून घ्याव्यात. हे काम पैशांसाठी टाळू नये. पाटाचं शिंपणं दोन दिवस आधी थांबवावं, नाहीतर पन्नास माणसांच्या पायांखाली पोफळीच्या मुळांवरची माती चिखल होऊन दाबली जाते. चिऱ्यांच्या पायऱ्यांवरचं शेवाळ तारेच्या ब्रशनं घासावं. ब्लीचिंग पावडर नको, ती धुऊन थेट मुळांत उतरते.

एका गटात दहा-बारा जण पुरे. एक स्वयंसेवक पुढे, एक मागे, आणि साकवावर (ओहोळावरच्या छोट्या पुलावर) तिसरा, कारण फोटोसाठी सगळे तिथेच थांबतात.

नावाच्या पाट्या सुंभानं बांधाव्यात, खिळा ठोकू नये. कागदी पाटी दवानं सकाळपर्यंत गळते.

विक्रीला मिरीची रोपं ठेवायची, तर फेब्रुवारी-मार्चातच जमिनीलगतच्या धावत्या फांद्यांचे दोन-तीन पेरांचे तुकडे पिशव्यांत लावावे लागतात. आयत्या वेळी कापलेली वेल विकू नका. ती बहुधा जगत नाही, आणि शिव्या बागाइतदाराला बसतात.