तुम्ही विचारलंत म्हणून : आपलेच लोक लोकशाहीवर उठले तर?

खानापूर असो की निपाणी, व्याख्यान संपलं की हा प्रश्न हमखास येतो : आपल्याच गल्लीत वाढलेली, आपलीच भाषा बोलणारी फॅसिस्ट चळवळ थोपवायची कशी?

मी बेल्जियमकडे बोट दाखवतो. दोन भाषांचा ताण काय असतो, हे बेळगावकरांना वेगळं सांगावं लागत नाही. १९३६ साली तिथे लेऑन देग्रेलच्या फॅसिस्ट वळणाच्या रेक्स पक्षानं २०२पैकी २१ जागा जिंकल्या. पुढच्या वर्षी त्यानं ब्रुसेल्समधल्या आपल्या एका खासदाराला राजीनामा द्यायला लावला. तिथल्या पद्धतीप्रमाणे रिकामी जागा यादीतल्या पर्यायी सदस्याकडे जाते, म्हणून त्या सगळ्यांनाही माघार घ्यायला लावली. पोटनिवडणूक ओढवून आणली आणि स्वतः उभा राहिला. पण कॅथलिक, उदारमतवादी, समाजवादी, अगदी कम्युनिस्टांनीही वेगळा उमेदवार दिला नाही. सगळे पंतप्रधान पॉल व्हान झीलांड यांच्या मागे उभे राहिले. रेक्सचा जन्म कॅथलिक वर्तुळातला, म्हणून कॅथलिक धर्मगुरू कार्डिनल व्हान रूई यांच्या शब्दाला वजन होतं. मतदानाच्या तोंडावर ते म्हणाले, रेक्सला मत नको, कोरी मतपत्रिकाही नको. मला यातला दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो; आपल्या माणसाविरुद्ध जायला संकोचणारे लोक नेमके तिथेच लपतात. व्हान झीलांड यांना सुमारे ७६ टक्के मतं पडली, देग्रेलला १९. १९३९ साली रेक्सच्या ४ जागा उरल्या.

जर्मनीत उलट घडलं. नोव्हेंबर १९३२मध्ये नाझींच्या जागा २३०वरून १९६वर आल्या होत्या. उतरणीला लागलेल्या त्या पक्षाच्या नेत्याला ३० जानेवारी १९३३ रोजी सत्तेवर बसवलं ते फॉन पापेनसारख्या प्रतिष्ठित उजव्या पुढाऱ्यांनी. हिटलर धरून मंत्रिमंडळात नाझी तिघेच, म्हणजे मुठीत राहतील, हा त्यांचा भरवसा!

म्हणून सीमाभागात माझं सांगणं एवढंच असतं : मराठी झुंडीला पहिला विरोध मराठी पुढाऱ्यानं करावा, कन्नड झुंडीला कन्नड पुढाऱ्यानं. दगड पडला त्याच दिवशी, आपल्याच भाषेत, आपल्याच लोकांसमोर. भाषेचा हक्क मागा, जोरात मागा. पण धमकावणाऱ्यांचा पाठिंबा घेऊन सत्तेवर बसणार नाही, हे प्रत्येक उमेदवाराकडून अर्ज भरायच्या आधी दोन्ही भाषांत लिहून, सही करून घ्या. निकालाच्या रात्री दोन सदस्य कमी पडत असताना ही सही कुणी देत नाही.