अर्धी ओळ वर, अर्धी ओळ खाली

सल्फेट आयनाचं सूत्र टाइपरायटरवर असं टाइप करायचं: एस, ओ. मग कागद अर्धी ओळ वर सरकवून ४. कागद परत मूळ ओळीवर. एक बॅकस्पेस. आता कागद अर्धी ओळ खाली, आणि २, वजा. पुन्हा मूळ ओळीवर. पाच खुणांसाठी रोलर चार वेळा फिरला. रसायनशास्त्राच्या प्रबंधात असली सूत्रं ओळीओळीला, शिवाय प्रत्येक संदर्भाचा छोटा आकडा वाक्याच्या शेवटी वर चढवलेला. म्हणून सूत्रांच्या पानाचा माझा दर वेगळा असायचा आणि त्यावर मी घासाघीस चालवून घेत नसे.

पुण्यात घरी बसून मी अनेक वर्षं पीएचडीचे प्रबंध टाइप केले. रसायनवाले जास्त, भौतिकीवाले थोडे, इतिहासाचा एखादा आला की सुटी मिळाल्यासारखं वाटायचं. विषय मला कळत नसत. पण कुठला आकडा वर जातो आणि कुठला खाली, यात विद्यार्थ्यांपेक्षा माझं लक्ष जास्त असे.

नवशिक्याची गडबड दिशेवरून होते. आकडा खाली हवा, तर कागद वर न्यायचा. कारण अक्षराचा ठोका एकाच जागी पडतो, हलतो तो कागद. पुढच्या ओळीवर जाताना रोलर जसा फिरतो तसा अर्धा फिरवला की आकडा खाली पडतो. उलटा, आपल्याकडे फिरवला की वर. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये हे कोणी शिकवत नव्हतं. तिथे सगळा भर स्पीडवर, तीसची परीक्षा, चाळीसची परीक्षा. त्या उताऱ्यांत कधी पाण्याचं सूत्रसुद्धा आलं नाही.

रोलरच्या टोकाला दातेरी चाक असतं, रॅचेट. सिंगल स्पेसिंगला एका इंचात सहा ओळी. दीड ओळीची सोय असलेल्या मशीनवर एका ओळीचे दोन खटके, म्हणजे एक खटका एक बारांश इंचाचा, दोन मिलिमीटरच्या जरा वर. असं मशीन मिळालं तर काम सोपं: एक खटका पुढे, आकडा, एक खटका मागे. खटका कानाला ऐकू येतो, बोटांना जाणवतो, बघावंही लागत नाही. ज्या मशीनवर पूर्ण ओळीचाच खटका असे, तिथे रॅचेट सोडवणारा छोटा लिव्हर ओढायचा. मग रोलर मोकळा फिरतो, हवा तेवढा फिरवून आकडा मारायचा आणि लिव्हर परत टाकला की मूळ ओळ हुकमी सापडते.

या लिव्हरची आणि डाव्या नॉबमधल्या बटणाची गल्लत करून चालत नाही. बटण दाबूनही रोलर मोकळा होतो, पण सोडल्यावर तो जिथे असेल तिथून नवीन मोजणी सुरू होते. छापील फॉर्मच्या रेघांवर टाइप करायला ते बटण. त्याने खाली उतरवलेला आकडा छान येतो, मात्र त्यापुढची सगळी ओळ केसभर वरखाली बसते आणि पान उजेडात धरलं की लगेच दिसते.

आता कामाची खरी युक्ती. प्रत्येक आकड्यासाठी रोलर फिरवत बसायचंच नाही. आधी सबंध ओळ टाइप करायची आणि वरखालच्या आकड्यांच्या जागा स्पेस बारने मोकळ्या सोडायच्या. सल्फेटला दोन जागा, पाण्याच्या सूत्रात एक, सेंटिमीटरच्या वजा एक घाताला दोन. ओळ संपली की कागद एकदा अर्धी ओळ वर नेऊन त्या ओळीतले खालचे सगळे आकडे भरायचे, मग एकदाच खाली आणून वरचे सगळे. इन्फ्रारेड स्पेक्ट्रमच्या पानांवर एका ओळीत चार-चार वेळा तो वजा एक यायचा, तिथे ही पद्धत नसती तर मी ते पान घेतलंच नसतं. एकच पथ्य: मूळ ओळीवर येताना रोलर नेहमी एकाच बाजूने आणायचा. जुन्या मशीनच्या दात्यांत थोडी ढिलाई असते आणि दोन बाजूंनी आलं की दोन वेगवेगळ्या ओळी मिळतात.

वजा एक म्हटलं खरं, पण बऱ्याच मशीनवर एकचा आकडाच नसायचा. स्मॉल एल मारायचा. म्हणजे ज्याला विद्यार्थी घात म्हणत होता, तो प्रत्यक्षात हायफन आणि इंग्रजी बाराखडीतलं बारावं अक्षर. अंशाचं चिन्ह म्हणजे वर चढवलेला स्मॉल ओ. अल्फा, बीटा, डेल्टा यांना जागा सोडायची, ते विद्यार्थ्याने नंतर काळ्या शाईने हाताने भरायचे. मायक्रोसाठी स्मॉल यू मारून त्याला पेनने शेपूट काढायचं.

प्रबंध डबल स्पेसिंगमध्ये टाइप करायचा नियम परीक्षकाला दोन ओळींच्या मध्ये लिहिता यावं म्हणून आहे असं सगळे सांगतात. असेल. पण सूत्रांच्या पानाला तो नसता तर काम अशक्य होतं. आकडा लहान होत नाही हे लक्षात घ्या. टाइपाच्या दांडीवर जो २ कोरलाय तोच, त्याच मापाचा, वरही जातो आणि खालीही. सिंगल स्पेसिंगमध्ये ओळ-ओळ अंतर सव्वाचार मिलिमीटर, त्यात पूर्ण उंचीचा आकडा दोन मिलिमीटर वर चढवला की तो वरच्या ओळीच्या पायाला भिडतो, आणि वरच्या ओळीतही एखादा खाली उतरलेला आकडा असेल तर दोघे एकमेकांवर.

मूळ प्रत आणि तिच्याखाली कार्बन, पातळ कागद, कार्बन, पातळ कागद. ही सगळी चळत रोलरवर मागे-पुढे करताना आतले कागद बाहेरच्यांइतके सरकत नाहीत. पुढे जाताना फरक कळत नाही, उलटं फिरवलं की कळतो. म्हणून वर चढणारे आकडे शेवटी घ्यायचे आणि हात हलका ठेवायचा. सायक्लोस्टाइलच्या, म्हणजे शाईने प्रती काढायच्या यंत्राच्या, मेणकागदी स्टेन्सिलवर तर उलटं फिरवणं म्हणजे सुरकुतीला आमंत्रणच. परीक्षेच्या पेपरांची स्टेन्सिल कापताना मी सगळी सूत्रं उतरत्या क्रमाने घ्यायचे: वरचे आकडे पहिले, मग मूळ ओळ, मग खालचे. म्हणजे कागद एकाच दिशेने जातो. त्यासाठी ओळ आधी पेन्सिलीने मोजून ठेवावी लागे, पण स्टेन्सिल फुकट जाण्यापेक्षा ते परवडायचं.

मराठी मशीनवर बसलं की हा सगळा प्रकार गायब. याचं मला तेव्हाही कौतुक वाटे. देवनागरीत तर प्रत्येक शब्दात वर काहीतरी आणि खाली काहीतरी: मात्रा, अनुस्वार, उकार, ऋकार. त्यासाठी रोलर हलवायचा म्हटलं तर तीसचा स्पीड सोडाच, तीन शब्दसुद्धा मिनिटात झाले नसते. म्हणून तिथे उलटा विचार केलेला. उकार दांडीवर मुळातच खाली कोरलेला, मात्रा मुळातच वर, आणि त्या कळा दाबल्या की कागद धरून सरकणारी कॅरेज पुढे जात नाही. डेड की. कागद जागच्या जागी, वरखालचं काम टाइप कोरणाऱ्याने आधीच करून ठेवलेलं. छापखान्यातल्या खिळ्यांचंही तेच. संदर्भाचा छोटा आकडा खिळ्याच्या माथ्यावर वरच्या अंगाला ओतलेला असतो, कंपोझिटर तो इतर अक्षरांसारखाच उचलून ओळीत लावतो.

तेव्हा मार्ग दोनच. कागद हलवा, नाहीतर अक्षरच वर किंवा खाली कोरून ठेवा. यानंतर जी जी यंत्रं माझ्या हाताखालून गेली, त्या सगळ्यांनी या दोनांतलाच एक मार्ग धरला. दुसऱ्या मार्गाला मर्यादा कळांची. मराठी मशीनवर उकार-मात्रांनीच कळा भरल्या, वर चढवलेल्या आकड्यांना जागा कुठून असणार? अर्थात मराठीत त्यांची गरजही फारशी पडली नाही. क्षेत्रफळ ‘चौ. मी.’ असं सरळ लिहायचं, संपला विषय.

आयबीएमचं गोल्फबॉल मशीन, सिलेक्ट्रिक, १९६१ साली आलं. मी ते बऱ्याच उशिरा, एका कंपनीच्या ऑफिसात पाहिलं. त्यात दांड्या नाहीतच. एक गोळा फिरतो, कलतो आणि त्यावरची ८८ अक्षरं मारतो. गोळा काढून दुसरा बसवला की ग्रीक अक्षरं आणि गणिताची चिन्हं. हाताने अल्फा भरणाऱ्यांना हे स्वप्नच होतं. पण वर-खाली? ते तसंच. रोलर अर्धा फिरवा.

मग संगणक आले आणि आपण सुटलो असं वाटलं. सुरुवातीच्या चांगल्या छपाईचे प्रिंटर डेझी व्हीलचे. ९६ पाकळ्यांचं चाक, प्रत्येक पाकळीच्या टोकाला एक अक्षर, मागून हातोडी. म्हणजे टाइपरायटरच, फक्त माणूस काढून टाकलेला. डायब्लो ६३० हा त्यातला नावाजलेला. कागद एक अठ्ठेचाळीसांश इंचाच्या पावलांनी पुढे-मागे नेणारा. संगणकाने एस्केप ही हुकमाची खूण आणि यू पाठवलं की कागद अर्धी ओळ पुढे, एस्केप आणि डी पाठवलं की अर्धी ओळ मागे. रोलर आपोआप पुढे-मागे होताना पहिल्यांदा बघितला तेव्हा मला हसू आलं. मी जे बोटांनी करत होते तेच तो करत होता, आणि एकेका आकड्यासाठी करत होता. ओळ संपवून एकदम भरायची अक्कल त्याला कोणी दिली नव्हती.

वर्डस्टार या लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये कंट्रोल-पी दाबून टी म्हणजे वर, कंट्रोल-पी दाबून व्ही म्हणजे खाली. तीच खूण पुन्हा दिली की मूळ ओळ. दुसरी खूण द्यायची राहिली तर पुढचा सगळा मजकूर वरच्या वर तरंगत छापला जायचा. विद्यार्थी स्वतः टाइप करायला लागले तेव्हा अशी पानं माझ्याकडे दुरुस्तीला येत. स्क्रीनवर आकडा वर दिसतच नसे, नुसत्या खुणा दिसत आणि त्या खुणांनी ओळ लांब झाल्यासारखी वाटे. बघायचं तर छापूनच. एक गोष्ट मात्र वर्डस्टारने टाइपरायटरपेक्षा चांगली केली. डॉट एस आर या आज्ञेने आकडा किती चढवायचा ते अठ्ठेचाळीसांश इंचात सांगता येई. न सांगितलं तर तीन. टाइपरायटरचा एक खटका म्हणजे अशी चार पावलं. ते एक पाऊल कमी केल्याने आकडा वरच्या ओळीपासून सुटा राहतो. ज्याने कोणी तीन ठरवलं त्याने सूत्रांची पानं नीट बघितली असणार.

पिनांच्या ठिपक्यांनी अक्षर काढणाऱ्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरने दुसरा मार्ग धरला. एपसनचा एम एक्स-८० हा १९८० सालचा, नऊ पिनांचा. त्याला आधी ही सोय नव्हती, ग्राफट्रॅक्स प्लस नावाच्या चिपा बसवल्यावर आली. नंतरच्या मॉडेलांत ती असायचीच. एस्केप, एस, शून्य म्हणजे वर. एस्केप, एस, एक म्हणजे खाली. एस्केप, टी म्हणजे पुरे. कागद मागे जात नाही, अक्षरच अर्ध्या उंचीचं करून पिनांच्या वरच्या किंवा खालच्या भागात काढलं जातं. म्हणजे आमच्या मराठी मशीनचा उकार, पण चिमुकला.

सगळे म्हणाले, किती सुबक, छापील पुस्तकासारखं. मला ते कधीच पटलं नाही. रिबन नवीन असेपर्यंत ठीक. रिबन फिकी झाली की त्या अर्ध्या उंचीत सहा आणि आठ ओळखू येत नसत, आणि झेरॉक्सवर तीनही त्यांच्यात सामील. कार्बनच्या चौथ्या प्रतीवरसुद्धा माझा चार हा चारच वाचता यायचा, कारण तो पूर्ण मापाचा होता. रसायनशास्त्रात सहा कार्बन की आठ कार्बन, हा काही सौंदर्याचा प्रश्न नाही. काही मार्गदर्शक डॉट मॅट्रिक्सवरची पानं परत पाठवत आणि आकडे हाताने गिरवून आणायला सांगत, ते मला योग्यच वाटे.

आता संगणकात दोन्ही मार्ग शेजारी शेजारी आहेत. वर्डमध्ये आकडा लहान करून उचलला जातो. शिवाय वर चढवलेला दोन आणि तीन ही स्वतंत्र अक्षरं म्हणूनही आहेत, संगणकाच्या अक्षरांच्या यादीत, म्हणजे युनिकोडमध्ये, १७८ आणि १७९ क्रमांकांवर. एकचा आकडा मात्र त्यांच्या सोबत नाही, तो १८५ वर. टाइपरायटरवर जसा तो बाजूला पडलेला, तसाच इथेही.

देवनागरी आकड्यांना असे स्वतंत्र वर चढलेले रूप युनिकोडमध्ये आहे, पण ते वर्ग-घनासाठी नाही. शून्य ते नऊ असे दहाही आकडे अक्षराच्या डोक्यावर बसणारे, २००९ साली घेतलेले, सामवेदाच्या स्वरांसाठी. सामवेदाच्या छापील पोथीत अक्षरांवर १, २, ३ असे आकडे असतात ते हेच. असलं काम माझ्याकडे कधी आलं नाही. आलं असतं तर सूत्रांच्या पानाचाच दर लावला असता.