दार दोनदा उघडणार होतं

"दार एकदाच उघडणार. ते उघडलं की उतरायचं. उतरलात की अमेरिका."

हे वाक्य मी मावशींकडून महिनाभर घोटून घेतलं होतं. त्या मूळच्या बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या. वय बहात्तर, शाळा मराठी चौथीपर्यंत. कानडी बाजारापुरतं, हिंदी टीव्हीवरच्या मालिकांपुरतं आणि इंग्रजी अजिबात नाही. मुलगी शिकागोजवळ राहते. तिला सातवा महिना लागला होता आणि मावशींना एकटीनंच जायचं होतं.

बेळगावात रामदेव गल्लीजवळ माझं तिकिटांचं दुकान आहे. लाल कार्बनची, हातानं लिहायची तिकिटं फाडून देत मी या धंद्यात आलो. 2008 च्या जूनपासून ती कागदी तिकिटं जगभर बंद झाली. दुकानावर पाटी कानडीत आणि आत बोलणं मराठीत, हे आमच्याकडं रोजचंच. परदेशी निघालेल्या आईबापांची तिकिटं हे माझं निम्मं काम. मुलं पुण्या-बेंगळुरातून पुढं सरकत अमेरिकेपर्यंत पोचतात. आईवडील मात्र खानापूर, उचगाव, निपाणीलाच असतात आणि नातवंड झालं की बोलावणं येतं.

पूर्वी मी त्यांना स्वस्तातलं, मध्ये विमान बदलायचं तिकीट द्यायचो. एकदा खानापूर तालुक्यातले एक काका आखाती विमानतळावर भलत्याच गेटसमोर पाच तास बसून राहिले. शेजारी बसलेली माणसं उठून गेली, नवी आली, ती पण गेली, आणि काका तसेच. कुणाला विचारायचं तर कुठल्या भाषेत? त्यांचं विमान गेलं. दुसऱ्या दिवशी मुलानं नवं तिकीट काढलं तेव्हा कुठं ते पोचले. परत आल्यावर ते मला एक शब्दही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "तहान लागली होती रे, पण उठलो तर जागा जाईल असं वाटलं." ते वाक्य माझ्या मनातून अजून जात नाही. तेव्हापासून एकट्या म्हाताऱ्या माणसाला मी थेट विमानच सुचवतो. चार पैसे जास्त जातात, पण मधली अनोळखी जागा टळते.

म्हणून मावशींना दिल्ली-शिकागो थेट घेऊन दिलं. पंधरा-सोळा तास, एकच विमान. बेळगाव ते दिल्ली वेगळ्या तिकिटावर. दिल्लीत भाचा होता, मराठा लाइट इन्फंट्रीतला. तो एका विमानतळ इमारतीतून दुसऱ्या इमारतीत नेऊन पोचवणार होता. सगळं जमून आलं होतं.

मग 22 एप्रिल 2025 ला पहलगाम झालं.

भाच्याची सुट्टी लगेच रद्द झाली. दोन दिवसांनी, 24 तारखेला संध्याकाळी, पाकिस्ताननं भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. मावशींचं विमान शुक्रवारी 25 तारखेच्या मध्यरात्रीनंतर दिल्लीहून सुटणार होतं. मी कंपनीला विचारलं तेव्हा एवढंच कळलं की वाट लांबची होईल, वेळ वाढेल. थांब्याबद्दल तेव्हा काही ठरलेलं नव्हतं.

शुक्रवारी मी स्वतः सांबऱ्याला, बेळगावच्या विमानतळावर, गेलो. 1942 साली, महायुद्धाच्या काळात उभी राहिलेली ही धावपट्टी. आता तिथं 2017 ची नवी इमारत आहे, पण निरोप देणारी गर्दी एसटी स्टँडवरचीच वाटते. येळ्ळूरहून एक टेम्पो भरून माणसं आली होती. मावशींनी लुगड्याच्या आत कापडी पिशवी शिवून घेतली होती, पासपोर्ट त्यात. कुंद्याचा डबा आणि पाच किलो येळ्ळूरचा बासमती सामानात. गळ्यात मी करून दिलेलं प्लॅस्टिकचं कार्ड. एका बाजूला इंग्रजीत लिहिलं होतं की यांना फक्त मराठी आणि थोडं कानडी येतं, यांना शिकागोला उतरायचं आहे, खाली मुलीचा आणि माझा नंबर. मागल्या बाजूला मराठीत तेच वाक्य: दार एकदाच उघडणार.

दिल्लीत भाचेसुनेनं सगळं सांभाळलं. रात्री अकराला तिचा फोन आला. सामान दिलंय, व्हीलचेअरवाला मुलगा मिळालाय, मी आता घरी निघते. पंधरा मिनिटांनी कंपनीचा संदेश आला. विमान व्हिएन्नाला तांत्रिक थांबा घेणार. तेल भरायला आणि कर्मचारी बदलायला. प्रवाशांनी जागेवरच बसून राहायचं.

वाचलं आणि पोटात गोळा आला. दार उघडलं की उतरायचं, हे मीच त्यांना शिकवलं होतं. तेही इतकं पक्कं, की दुसऱ्या कुणाचं त्या ऐकणारच नव्हत्या.

हा थांबा का आला, ते थोडं सांगतो, कारण दुकानात लोक मला हेच विचारतात. चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेला बैलगाडीनं जाणाऱ्यांना हे लगेच कळतं. लांब जायचं तर बैलांची वैरण गाडीतच न्यावी लागते. वैरण वाढली की गाडी जड होते, गाडी जड झाली की बैल जास्त खातात. विमानाचंही तसंच. जितकं लांब जायचं तितकं तेल जास्त, आणि ते तेल वाहायलाही तेल जळतं. एका मर्यादेनंतर माणसं किंवा सामान कमी करावं लागतं. त्यात वरचा जोराचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडं वाहतो, म्हणून अमेरिकेला जाताना तो तोंडावर येतो आणि परत येताना पाठीवर. दिल्लीहून पश्चिमेला निघणाऱ्या विमानाची सरळ वाट पाकिस्तानवरून. ती बंद म्हणजे आधी खाली गुजरात, मग अरबी समुद्र, मस्कतच्या बाजूनं वळसा. टाकीतलं जे तेल शिकागोला पुरणार होतं ते या वळशामुळं अपुरं पडणार. त्या दिवसांत दिल्लीहून अमेरिकेला जाणारी विमानं व्हिएन्नाला, कोपनहेगनला थांबत गेली, ती यामुळं.

मी मावशींना फोन लावायला सुरुवात केली. बटणाचा फोन, आणि तो त्यांनी त्याच शिवलेल्या पिशवीत ठेवलेला. वाजत राहायचा, बंद व्हायचा. मुलीला शिकागोला कळवलं, तर ती रडायलाच लागली. "दादा, ती उतरणार. तू सांगितलंयस म्हणजे ती उतरणारच." कंपनीच्या नंबरवर तर गाणंच वाजत होतं. मी दुकानाचं अर्धं शटर ओढून आत एकटा बसलेलो. बारा वाजून गेले. कितव्यांदा लावला ते आठवत नाही, पण एकदा पलीकडून पोराचा आवाज आला. हिंदीत म्हणाला, "माताजी का फोन बज रहा है, इन्हें सुनाई नहीं दे रहा." व्हीलचेअरवाला. मी त्याला म्हटलं, बाबा रे, दोन मिनिटं थांब, फोन स्पीकरवर टाक.

"मावशी, मी बेळगावचा. ऐका. दार दोनदा उघडणार."

थोडा वेळ काहीच नाही.

"एकदा म्हणालास न्हवं?"

"होय. ते आता बदललं. मध्ये एक गाव आहे, तिथं तेल भरायला थांबणार. दार उघडेल, माणसं आत येतील, पण तुम्ही उठायचं नाही."

"उतरायचं न्हाई?"

"नाही. तिथं नाही."

परत शांत. मागं विमानतळावरच्या घोषणा चालू होत्या. मग त्या म्हणाल्या, "कोल्हापूरच्या गाडीत बसलो तर निपाणीला उतरत न्हाई, तसं व्हय?"

"तसंच मावशी. अगदी तसंच."

"मग तसं सांग की. थांब, रुमालाला दोन गाठी मारतो. पहिलं दार उघडलं की एक सोडतो आणि गप बसतो. दुसरं उघडलं की दुसरी."

आमच्या भागातल्या बायका स्वतःबद्दल बोलतात ते असंच, येतो, जातो, मारतो. त्या रात्री तो सूर कानावर पडला आणि माझा जीव भांड्यात पडला. मी कार्डवर छापून दिलेलं वाक्य चुकीचं ठरलं होतं. त्यांनी स्वतःच्या हातानं बांधलेलं चुकणार नव्हतं. तरी झोप आली नाही.

शनिवारी दुकान नेहमीसारखं उघडलं. मुंबईची दोन तिकिटं काढली, एक रद्द केलं. टेबलावरच्या संगणकावर विमानाचा नकाशा उघडाच होता. दुपारी बाराच्या पुढं ते चिन्ह व्हिएन्नाला टेकलं आणि थांबलं. चहा आला, तो तसाच गार झाला. दीड तास ते चिन्ह हललं नाही. माझ्या डोळ्यांसमोर सारखं एकच चित्र: मावशी पिशवी काखेत घेऊन जिना उतरताहेत.

त्या दीड तासात एक गोष्ट मनात आली आणि ती अजून गेलेली नाही. 1947 च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियाची क्वांटास कंपनी सिडनीहून लंडनला प्रवासी न्यायला लागली. चार दिवस लागायचे. डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो, त्रिपोली असे थांबे. पुढच्याच वर्षी, 8 जून 1948 ला, एअर इंडियाचं पहिलं परदेशी विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं. तेव्हा थांबत जाणं हाच प्रवास होता. कराची तेव्हा वाटेतला थांबा होती. आज तिच्यावरचं आकाशही आपल्याला बंद.

तीच क्वांटास आता सिडनी ते लंडन एका दमात जायची तयारी करते आहे. कंपनीनं 2027 चा पूर्वार्ध जाहीर केलाय. त्यासाठी 12 एअरबस ए350-1000 खास बनवायला सांगितल्यात, प्रत्येकात 20,000 लिटरची जादा टाकी. प्रवास 22 तासांपर्यंत. आणि माणसं किती, तर फक्त 238. वैरण वाढली की माणसं कमी, ते हेच. मध्यभागी उभं राहून हातपाय ताणायला मोकळी जागा ठेवली आहे, हे मला फार पटलं. मी प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला बजावतो की दर दोन तासांनी उठा, चाला, पायावर सूज येऊ देऊ नका, पाणी प्या. पण अरुंद वाटेत ट्रॉली आली की ती बिचारी परत खाली बसतात आणि पुन्हा उठतच नाहीत.

आपल्याकडंही मोठ्या ऑर्डरी झाल्यात. फेब्रुवारी 2023 मध्ये एअर इंडियानं 470 विमानं मागवली, त्यात 40 ए350. एप्रिल 2024 मध्ये इंडिगोनं 30 ए350-900 सांगितली. लांब पल्ल्याची थेट उड्डाणं वाढणार, हे नक्की. मला त्याचा मनापासून आनंद आहे. हे बेत श्रीमंतांसाठी आहेत असं कुणी म्हटलं की मी भांडतो. वेळ वाचतो म्हणून थेट विमान घेणारे आहेतच. पण येळ्ळूरच्या बाईला वेळ वाचवायचा नसतो. तिला मधला तो अनोळखी विमानतळ नको असतो, जिथं तिचं एकही अक्षर कुणाला कळत नाही. विमानं विकत घेता येतात, त्यांच्या वाटेतलं आकाश मात्र घेता येत नाही. म्हणून नवीन उड्डाण जाहीर झालं की मी आता आधी त्याची वाट नकाशावर बघतो आणि मगच तिकिटाचं बोलतो. थांबा आलाच तर म्हाताऱ्या प्रवाशाला त्याच्या भाषेत एक वाक्य सांगायची सोय विमानात हवी, एवढं मला पोटतिडकीनं वाटतं. ध्वनिमुद्रित असलं तरी चालेल: अजून उतरायचं नाही, बसून राहा.

पावणेदोनच्या सुमारास चिन्ह हललं. विमानात काय झालं ते मला पुढं मावशींनीच फोनवर सांगितलं. दार उघडलं तसा गार वारा आत शिरला. बायका केरसुणीच्या यंत्रासकट चढल्या. शेजारच्या मुलानं वरची बॅग काढली, मागची माणसं उभी राहिली. "माझं पाय आपसूक उठाया लागलं बघ," त्या म्हणाल्या. मग रुमाल दिसला. एक गाठ सोडली आणि दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरून बसून राहिल्या. नव्या हवाईसुंदरीनं काही विचारलं, तर गळ्यातलं कार्ड पुढं केलं. तिनं ते वाचलं, खांद्यावर हात ठेवला आणि पाणी आणून दिलं. दोन ग्लास.

शनिवारी रात्री साडेबाराला, तिकडं दुपार होती, मुलीचा फोन आला. आई बाहेर आली होती. व्हीलचेअरमध्ये बसलेली, पायात चप्पल नाही, चप्पल पिशवीत. उजवी मूठ घट्ट मिटलेली. मुलगी पोटासकट वाकून तिच्या गळ्यात पडली तरी मूठ उघडेना.

"हेच न्हवं शेवटचं दार?" मावशींनी विचारलं.

मुलगी हो म्हणाली तेव्हा त्यांनी रुमाल तिच्या हातात दिला. घामानं गाठ आवळून बसली होती, बोटांनी सुटेना. शेवटी मुलीनं ती दातानं सोडली.